आक्काचा मागचा कोपरा पुन्हा ओला

गेल्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, आक्काचा, म्हणजे मी दुरुस्त करत असलेल्या माझ्या जुन्या कॅम्परचा (चाकांवरच्या घराचा), मागचा डावा कोपरा झाला, आता फक्त जमिनीवर व्हायनिल टाकायचं बाकी. मंगळवारी रात्री इकडे ओहायोत वाऱ्यासकट झोडपून पाऊस पडला. सकाळी ओलावा मोजायचा मीटर टेकवला तर २८ टक्के! नव्याकोऱ्या प्लायवर! बाकीची जमीन १२ टक्क्यांवर.

छत शरद ऋतूतच सील केलंय, खिडकी गेल्या महिन्यात काढून ब्यूटाइल टेपवर (पाणी अडवणाऱ्या चिकट पट्टीवर) परत बसवली. तरी दोन संध्याकाळी पाइप घेऊन खालून वर पाणी मारत बसलो. आत टिपूस नाही.

शेवटी लीफ ब्लोअरचा (पानं उडवायच्या पंख्याचा) प्रयोग केला: आत हवा भरायची, ती जिथून निसटेल तिथे बाहेर साबणाचे बुडबुडे येतात. छतावरच्या व्हेंटमध्ये पुठ्ठा आणि टेप लावून तो बसवला, खिडक्या-दारं बंद केली आणि बाहेरून भांड्यांच्या साबणाचं पाणी फवारत फिरलो. वरच्या डाव्या लाल मार्कर दिव्याच्या बुडातून इडलीचं पीठ फुगावं तसा फेस आला. मी एकटाच अंगणात ओरडलो.

दिवा काढला तर गॅस्केटचा पत्ता नाही. आधीच्या मालकानं वरून सिलिकॉन फासलेलं. पाणी वायरच्या भोकातून आत, पत्र्यामागच्या उभ्या दांडीवरून सरळ खाली, आणि मी वर्षभर जमिनीला दोष देतोय. सिलिकॉनवाल्यांना साष्टांग नमस्कार. ते खरवडून काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली, कारण त्याच्या उरलेल्या थरावर दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा.

त्यातल्या त्यात सुख म्हणजे इपॉक्सी (लाकडात मुरून कडक होणारं रसायन) पाजलेली ती जुनी दांडी. पूर्वी टोच्या लोण्यात जावा तसा जायचा, आता टक् वाजतो. मल्टीटूल (थरथरत्या पात्याचं कापायचं यंत्र) नसता तर तिथवर पोचलोच नसतो. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आधी तो घ्या, बाकी हत्यारं नंतर.

व्हायनिल आता थांबलं. प्लाय पंख्यासमोर वाळतोय, १५ च्या खाली येईपर्यंत वर काही टाकणार नाही. आतलं पातळ पॅनेलही ठरल्याप्रमाणे चिकटवणार होतो, पण हे लिहिता लिहिता वाटतंय, खालचा दीड फूट वेगळा कापून नुसता स्क्रूवर ठेवला तर? दर पावसाळी आठवड्यानंतर उघडून बघता येईल. जोडावर लाकडी पट्टी मारली की झाकलंही जाईल. हो, तसंच करतो.

मागे असे पाच दिवे आहेत. उजवा तपासायला गेलो तर त्याची लाल काच हातातच आली. पाचही नवे मागवलेत.