चुरा की पट्ट्या: बाटल्यांच्या फरश्यांची नोंद

सिमेंटच्या फरशीत प्लास्टिकच्या टाकाऊ बाटल्या कशा घालाव्यात, हे करून बघतोय. या खेपेच्या फरश्या २८ दिवस पाण्यात मुरल्या, काढल्या आणि फोडूनही झाल्या. माल सगळ्यांना एकच: १ भाग सिमेंट, ३ भाग एम सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. एका गटात थोड्या वाळूच्या जागी पेट (पाण्याच्या-शीतपेयांच्या बाटल्यांचं प्लास्टिक) बाटल्यांचा चुरा, दुसऱ्यात बाटल्यांच्या पट्ट्या, तिसरा गट कोरा.

आधी मापाचं. चुरा घमेल्याने मोजू नका, तो पोकळी धरून बसतो आणि भलताच आकडा देतो. वजनावर या. पाण्याची घनता १ धरली तर वाळूची साधारण २.६५, पेटची १.३८, म्हणजे १ किलो वाळू काढली की तिच्या जागी सुमारे ५२० ग्रॅम पेट बसतं. किलोला किलो घातलं तर प्लास्टिक जवळजवळ दुप्पट जागा अडवतं. झाकणं आणि गळ्याच्या रिंगा टबात ढवळल्या की आपोआप वर तरंगतात, बाटलीचा चुरा तळाला जातो. लेबलाचा डिंक धुण्याच्या सोड्याने काढा, पण पाणी कोमटच ठेवा. उकळत्या पाण्यात पेट आक्रसतं.

फोडायची पद्धत गावठी आहे. दोन विटांवर फरशी आडवी, मधोमध दोरीला बादली, बादलीत हळूहळू वाळू. कोरी फरशी बराच भार झेलून एकदम कट्‌कन दुभंगली. चुऱ्याची तिच्याआधीच गेली, आणि चुरा जितका जास्त तितकी लवकर. पट्ट्यांच्या फरशीला तडा कोऱ्या फरशीइतक्याच भाराला गेला, पण ती पडली नाही! तुकडे पट्ट्यांना धरून लोंबकळत राहिले आणि बादली काढून घ्यायला मला वेळ मिळाला.

मोडलेली कड भिंगाखाली धरली. चुऱ्याचे कण जिथून निसटले तिथे साच्यातून काढल्यासारखे गुळगुळीत खळगे दिसत होते, सिमेंटचा मागमूस नाही. गुळगुळीत पट्ट्याही अशाच अलगद सुटल्या होत्या. पॉलिश पेपरने घासलेल्या पट्ट्यांवर मात्र सिमेंटचे कण चिकटलेले होते आणि काही पट्ट्या सुटण्याऐवजी तुटल्या होत्या. घासायचं काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका.

डांबरी रस्त्यात प्लास्टिक चालतं मग इथे का नाही, असं भेटेल तो विचारतो. मदुराईच्या त्यागराजर इंजिनिअरिंग कॉलेजच्या राजगोपालन वासुदेवन यांच्या पद्धतीत प्लास्टिकचा कीस तापलेल्या खडीवर वितळून तिला लेप देतो आणि डांबर त्या लेपाला धरतं. सिमेंटमध्ये वितळण्याइतकी उष्णताच नसते. शिवाय प्लास्टिकला पाण्याचं वावडं, त्यामुळे सिमेंट त्याला नीट चिकटत नाही.

पट्ट्या साधारण ३ मिमी रुंद, ४० मिमी लांब. बाटलीचा मधला ताणलेला भागच घ्या. गळा आणि बूड जाड असूनही ठिसूळ निघतात. माल कालवून झाल्यावर पट्ट्या भुरभुरत टाका, एकदम ओतल्या की गोळे होतात. प्रमाण घनफळाच्या अर्धा टक्का, म्हणजे १० लिटर मालाला सुमारे ७० ग्रॅम.

आता दुखरी बाजू. ७० ग्रॅम म्हणजे जेमतेम तीन-चार बाटल्या. कचरा खपवायचा तर चुराच हवा, आणि चुरा फरशी कमजोर करतो. त्यामुळे माझ्यापुरता निकाल असा: चुरा कुंड्या आणि वाफ्याच्या कडांना, जिथे भार नाही, फरशीला पट्ट्या. पाय घासतील तिथे वर साध्या मालाचा थर देतोच, नाहीतर झिजेबरोबर प्लास्टिकचे कण मातीत जायचे.

पेटचा खरा वैरी सिमेंटचा क्षार आहे, ओल्यात तो त्याला हळूहळू खातो. पॉलिप्रॉपिलिन हे दुसऱ्या जातीचं प्लास्टिक त्याला दाद देत नाही. म्हणून पुढच्या खेपेला फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांवरची पॉलिप्रॉपिलिनची पॅकिंग पट्टी कापणार आहे. तिच्यावर जाळीसारखी नक्षी असते, म्हणजे घासायलाही नको. हिरव्या, काचेसारख्या कडक पट्ट्या बहुधा पेटच्याच असतात, त्या वेगळ्या काढल्यात. भंगारवाल्याकडून एक पिशवी आली आहे, साचे तेल लावून तयार आहेत.