लाल बटन

पहाटे पाचला फोन वाजला तेव्हा मी न्हाणीपुढे बसून बंबात पऱ्हाट्या कोंबत होतो. त्या आठवड्यात वावरातल्या लाईनची पाळी रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी देऊन नुकताच घरी आलेलो, पाय घोट्यापर्यंत चिखलात. फोन लेकीचा. ती इंग्लंडात, लीड्सला. आपली पहाट म्हणजे तिकडे रात्रीचे साडेअकरा.

"बाबा, बॉयलर बंद केला तरी चालूच आहे जी."

आमच्या आर्वीकडच्या गावात बॉयलर म्हणजे कोंबडी. गावरान नव्हे ती. चुलीजवळून हिची आईही तेच समजून ओरडली, "एवढ्या रात्री कोंबडी कायले आणली वं?" मग व्हिडिओ लावला, तेव्हा भिंतीवर टांगलेली एक पांढरी पेटी दिसली. स्वयंपाकघरातल्या कपाटाएवढी. हीच पेटी घरभरच्या रेडिएटरांत, म्हणजे खोल्या ऊबदार ठेवणाऱ्या भिंतीवरच्या लोखंडी पाट्यांत, गरम पाणी फिरवते आणि नळ सोडला की अंघोळीचं पाणीही त्याच क्षणी तापवून देते. साठवणीची टाकी नाही. दोन कामं एकाच पेटीत, म्हणून तिला कॉम्बी म्हणतात. मी बंबाकडे पाहिलं. वरून एक बादली थंड ओता, तोटीतून एक बादली गरम घ्या. हिशेब तोच, फक्त याला पऱ्हाट्या लागतात आणि त्याला गॅस.

ताकद विचारली तर चोवीस किलोवॅट निघाली. आमची विहिरीवरची मोटर पाच एचपीची, म्हणजे पावणेचार किलोवॅट. अशा सहा मोटरींइतकी आग पोरीच्या भिंतीवर लटकलेली, आणि ती बंद होत नाही. माझी झोप उडाली.

पण घाई केली नाही. मोटर दुरुस्त करणारा माणूस आधी कान लावतो. विचारलं, "आतमंदी जाळ पेटलेला हाये, का नुसती मोटर फिरून रायली?" कारण आग विझल्यावरही त्यातला पंप थोडा वेळ चालतो. आतली धातू तापलेली असते. पाणी जागच्या जागी थांबलं तर उकळायचं, म्हणून तो काही मिनिटं पाणी फिरवत राहतो. लोखंडी कढई चुलीवरून उतरवल्यावरही रस्सा बुडबुडतोच की. पण तिच्या पेटीवर ज्योतीची खूण दिसत होती आणि रेडिएटर हात लावू देत नव्हते. हे काही मिनिटांचं प्रकरण नव्हतं, दोन तास झाले होते.

मग थंडीचं. कडाका पडला, पारा पाच अंशांच्या आसपास उतरला, की पाइपातलं पाणी गोठू नये म्हणून या पेट्या न सांगता पेटतात. तिच्या खोलीत तेवीस अंश होते आणि पोरगी डिसेंबरात अर्ध्या बाह्यांत बसलेली. तेही नाही. एखादा नळ उघडा? नाही.

"त्या पेटीवर बटनं किती?" एक रेडिएटरचं, एक अंघोळीच्या पाण्याचं. म्हटलं, रेडिएटरचं शून्यावर ने. नेलं आणि ज्योत गेली. पुन्हा वर घेतलं, पुन्हा पेटली. म्हणजे पेटी शहाणी होती. तिला कोणीतरी 'पेटव, पेटव' सांगत होतं आणि ती बिचारी ऐकत होती.

सांगणारा सापडला. टेबलावर एक थर्मोस्टॅट असतो, खोली किती तापली ते पाहून बॉयलरला पेट-विझ सांगणारा, तो बिनतारी; आणि बॉयलरशेजारी भिंतीवर त्याचा निरोप घेणारी काडेपेटीसारखी डबी. थर्मोस्टॅट दहा अंशांवर आणला. डबीवरचा दिवा विझला. ज्योत मात्र तशीच. आणि दिवा विझायच्या वेळी जो 'टक' असा आवाज यायचा, तो आज येत नाही, हे पोरीनं आपण होऊन सांगितलं.

तिथं मला आमचा स्टार्टर आठवला.

ज्यानं शेतातला स्टार्टर उघडलेला नाही त्याला वाटतं, हिरवं बटन मोटर चालू करतं आणि लाल बंद करतं. तसं नसतं. हिरवं दाबलं की आतली कॉइल चुंबक होते आणि वीज जोडणारे पॉइंट खेचून धरते. लाल बटन नुसतं कॉइलला 'सोड' म्हणतं. कॉइल सोडते, स्प्रिंग पॉइंट मागे ढकलते, तेव्हा कुठं मोटर थांबते. पण दर वेळी पॉइंट जुळताना-सुटताना ठिणगी पडते, धातू थेंबभर वितळते, आणि एखाद्या रात्री दोन्ही पॉइंट एकमेकांना चिकटून बसतात. मग लाल बटन अंगठा दुखेस्तोवर दाबा. एका वर्षी माझं तेच झालं. स्टार्टरच्या पेटीतून जळक्या बॅकेलाइटचा वास, आत एक पाल भाजून पडलेली, आणि मी अंधारात बटनाशी झोंबतोय. मेन स्विचचा दांडा ओढायचं सुचेपर्यंत पाणी धुरा फोडून शेजाऱ्याच्या वेचणीला आलेल्या पऱ्हाटीत शिरलं. त्या संक्रांतीला त्याच्या घरून तिळगूळ आला नाही. तो म्हणे, "बटन दाबलं होतं म्हनतेस, मंग पानी का आपल्या पायानं आलं?" खरं तर तसंच आलं होतं. त्याला कोण समजावणार.

"पोट्टे, त्या डबीतले पॉइंट चिकटले."

"मग?"

वावरात आम्ही पेचकसाच्या मुठीनं स्टार्टरला एक टोला देतो. हे तिला सांगावं की नाही यावर मी थोडा थांबलो. आधी विचारलं, "तुयं किटकॅट, फ्यूजचं, कुठं हाये?" बॉयलरपाशी स्वतंत्र स्विच होता, त्यात तीन अँपिअरचा फ्यूज. तो बंद करायला लावला. बॉयलर गप्प झाला. मग म्हटलं, आता त्या डबीले बोटानं हळूच टिचकी मार. उघडू नको, नुसती टिचकी. तिसऱ्या टिचकीला फोनमधून मलाही ऐकू आलं: टक.

स्विच पुन्हा लावला. ज्योत नाही. पोरगी हसायला लागली. मी मात्र तो स्विच रातभर बंदच ठेव म्हणालो. सुटलेला पॉइंट पुन्हा चिकटतो, हा अनुभव पैसे मोजून घेतलेला आहे.

सकाळी तिनं घरमालकाला कळवलं. तिकडे गॅसच्या कामाला कोणीही उठून हात लावत नाही, गॅस सेफची, म्हणजे तिकडच्या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीतली, नोंद असलेलाच माणूस लागतो. भाड्याच्या घरात तर दर वर्षी तपासणी करावीच लागते. तसा एक जण आला, बॉयलर पाहून ठीक म्हणाला, डबी बदलून गेला. रिले, म्हणजे त्या डबीतला कॉइल-पॉइंटचा छोटा स्टार्टरच, चिकटला होता म्हणे. इंग्रजीत सांगितलं म्हणून तिच्या आईलाही पटलं.

जुनी डबी तो कचऱ्यात टाकत होता. पोरीनं मागून घेतली, मे महिन्यात येताना आणते म्हणते. मी पॉलिश पेपर काढून ठेवला आहे.