फॅन्टसीवरची फॉर्मल नाइट आणि मोराची पैठणी

क्रूझवर जायचं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात फक्त लेक होती. सात वर्षांची पोर, मिकीचं वेड, आणि डिस्नेचं जहाज. सामान भरताना नवऱ्याने सूटची पिशवी बाहेर काढली तेव्हा मी विचारलं, "हे कशाला?" तो म्हणाला, "फॉर्मल नाइट असते, नटूनथटून जेवायला जायची रात्र. आणि त्या रात्रीचं पालोचं बुकिंग मिळालंय." मग मीही कपाटातून पैठणी काढली. अमेरिकेत आल्यापासून ती दिवाळी आणि मंडळाचा गणपती एवढंच बघत होती, बिचारीलाही जरा समुद्र दाखवावा.

पालोबद्दल आधी सांगते, कारण जाणाऱ्यांना त्याचाच उपयोग होईल. आमच्या जहाजावर, म्हणजे डिस्ने फॅन्टसीवर, अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नसलेली दोन रेस्टॉरंट आहेत, इटालियन पालो आणि फ्रेंच रेमी. दोन्हीही बाराव्या डेकवर, अगदी मागच्या टोकाला. तिकिटाच्या पैशांत ती येत नाहीत, वेगळे मोजावे लागतात. आम्ही पहिल्यांदाच जाणारे, त्यामुळे आमच्यासाठी बुकिंग उघडलं ७५ दिवस आधी. जुन्या गिऱ्हाइकांना त्याच्याही आधी संधी मिळते, म्हणजे सोयीच्या वेळा तोवर गेलेल्या असतात. नवऱ्याने मध्यरात्री लॅपटॉप उघडून जागा पटकावली, तत्काळचं तिकीट काढतात त्या जोशात.

हे जहाज २०१२ पासून चालू आहे. जर्मनीत पापेनबुर्गला बांधलेलं, लांबी ३४० मीटर, एका वेळी सुमारे ४,००० प्रवासी. आमची सफर फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनव्हरल बंदरातून निघून सात रात्रींत कॅरिबियन बेटं फिरवून आणणारी. या सफरीत एक फॉर्मल नाइट असते, एक जरा कमी कडक, आणि एक चाच्यांची. चाच्यांच्या रात्री डोक्याला लाल रुमाल बांधून डेकवर फटाके बघायचे. म्हणजे सगळीच मजा वेशभूषेची. फॉर्मल नाइटकडे त्याच नजरेने बघितलं की ताण येत नाही.

आमची फॉर्मल नाइट बंदर नसलेल्या दिवशी आली. दुपारी पैठणीची घडी मोडायला इस्त्री हवी होती. केबिनमध्ये इस्त्री चालत नाही, आगीची भीती. पण डेकवर कपडे धुवायची खोली असते, तिथे इस्त्रीची सोय आहे. गेले तर रांग! पुढे एक आजोबा नातवाचा इवलासा शर्ट इस्त्री करत होते, कॉलरपाशी चार चारदा फिरवत. माझा नंबर आला तसा मी साडीवर सुती ओढणी पसरली आणि अंदाजाने इस्त्री फिरवली. शेजारच्या बाईने पदर बघितला आणि म्हणाली, "अय्या, हे तर इथलेच मोर!" (अय्या अर्थात माझं, तिचं "ओ माय गॉड" होतं.)

ती म्हणाली ते खरं होतं. फॅन्टसीच्या मधल्या तीन मजली दिवाणखान्याची सजावटच मोरावर बेतलेली आहे. वर लटकणारं झुंबर मोराच्या पिसाऱ्यासारखं, निळ्या-हिरव्या काचांचं. येवल्याच्या मागावर विणलेले मोर आणि त्या झुंबराखाली उभी मी, हा योग मी काही जुळवून आणला नव्हता.

तयार व्हायला अडचण झाली नाही, कारण बऱ्याच केबिन्समध्ये बाथरूम दोन भागांत असतं. एकात शॉवर आणि बेसिन, दुसऱ्यात कमोड आणि बेसिन. हे ज्याने सुचवलं तो नक्की बायकापोरांत वाढलेला असणार. निऱ्या मात्र बाहेर पलंगाच्या कडेला घातल्या. जहाज किंचित डुलत होतं, आणि प्रत्येक वेळी पाचवी निरी निसटे. शेवटी लेक खाली बसली आणि तिने निऱ्यांची टोकं गच्च धरून ठेवली. वर टाय लावणाऱ्या बाबाला सूचनाही तिच्याच.

तिला क्लबात सोडलं. लहान मुलांसाठी ही जागा असते. मनगटात पट्टा घालतात आणि मूल आत-बाहेर गेल्याची नोंद ठेवतात. तिथेच एक काका टक्सेडोचं चित्र छापलेला टी-शर्ट घालून उभे होते. बायको झगमगत्या काळ्या गाऊनमध्ये, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर आपण अगदी बरोबर कपडे केलेत असा भाव. मला ते फार आवडले.

खाली दिवाणखान्यात फोटोवाल्यांनी पडदे लावले होते. मिकी काळ्या कोटात, मिनी लांब गाऊनमध्ये, आणि त्यांच्यापुढे रांगेत नटलेले आईबाप. लहान मुली तर बुटीकमध्ये केसांवर चमचम मारून राजकन्या होऊन आल्या होत्या. आम्हीही फोटो काढला, मुलीशिवाय. मिनीने माझा पदर हातात धरून नीट निरखला आणि तोंडावर हात ठेवून आश्चर्य दाखवलं. आत कोण होतं देव जाणे, पण कौतुक मनापासूनचं वाटलं.

पालोमध्ये खिडकीजवळ टेबल मिळालं. सूर्य मावळत होता, पण खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास आम्ही मुलीबद्दलच बोललो. जेवली असेल का, शू लागली तर सांगेल का. अॅपवर निरोप येतो हे माहीत असून नवरा फोन उलटा ठेवून पुन्हा सुलटा करत होता. मग वाढपी आला आणि मेन्यू वाचून दाखवण्याऐवजी गोष्ट सांगितल्यासारखा समजावून सांगू लागला. मी शाकाहारी म्हटल्यावर त्याने मशरूमचा रिझोतो सुचवला. भात मऊ, पण मधोमध कणी राहिलेला. आईने असा भात केला असता तर बाबांनी ताट सरकवलं असतं. इथे आम्ही मान डोलावली.

खरी वाट होती चॉकलेट सूफ्लेची. तो आधीच सांगून ठेवावा लागतो, भाजायला वेळ लागतो. फुगून वाटीच्या वर आलेला, आणि आणल्या आणल्या वाढप्याने मध्ये चमच्याने भोक पाडून त्यात सॉस ओतला. एक चॉकलेटचा, एक व्हॅनिलाचा. नवरा चाखून म्हणाला, "हा फक्त दोघांत वाटायचा, तिला सांगायचं नाही." इतक्या वर्षांच्या संसारात एवढा चोरटा आनंद पुष्कळ झाला.

नंतर युरोपा म्हणून जो बारचा भाग आहे तिथे गेलो. स्कायलाइन बारमध्ये खिडक्यांच्या जागी मोठे स्क्रीन, त्यावर शहरांची रात्रीची दृश्यं बदलत राहतात. बसल्या जागी युरोप. तिथे गंमत म्हणजे कुणीच ताठ बसलेलं नव्हतं. मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलात काटा कुठल्या हातात धरायचा या विचाराने घास घशात अडकतो. इथे शेजारच्या टेबलावर सूट घातलेल्या गृहस्थाच्या कोटाला मिकीच्या कानांचा बिल्ला होता, आणि त्याची बायको चपला काढून पाय वर घेऊन बसली होती. मुलांनी राजकन्या व्हायचं आणि आपण साहेब-मडम, एवढाच काय तो फरक.

चौथ्या डेकवर एक फेरी मारली. डोक्यावर पिवळ्या लाइफबोटी. लाइफबोटी एरवी नारिंगी असतात, पण मिकीच्या बुटांशी रंग जुळावा म्हणून डिस्नेने त्यांच्यासाठी खास परवानगी काढली. वारा एवढा की पदर खांद्यावर ठेवण्यासाठी एक हात कायमचा अडकला, तेवढ्यावरच फेरी आटोपली.

साडेदहाला मुलीला आणायला गेलो. ती आणखी दोन पोरींबरोबर जमिनीवर पसरून काहीतरी रंगवत होती. मान वर न करताच म्हणाली, "आत्ता नको ना, अजून उघडं आहे." खोलीत आल्यावर भूक लागली म्हणून रूम सर्व्हिसला कुकी आणि दूध सांगितलं, ते फुकट असतं. पहिला घास घेऊन तिने विचारलं, "तुम्ही काय खाल्लं?"

"भात," नवरा म्हणाला.