शेवट असलेली करमणूक

रविवार, रात्री साडेदहा.

गाणी, खेळ आणि व्हिडिओ या तिन्ही गोष्टी एकाच फोनवर होत असल्यामुळे आपण त्या सगळ्यांना सरसकट ‘मोबाइलचा नाद’ म्हणून मोकळे होतो. आज सुटीमुळे घरातले सगळेच फोन दिवसभर चालू होते, आणि ते पाहताना माझ्या मनात त्यांची वेगळीच विभागणी होऊ लागली: कोणती करमणूक आपली आपण संपते आणि कोणती संपतच नाही.

गाणे संपते. अभंगात ‘तुका म्हणे’ आले की आता शेवट जवळ आला हे कानाला कळते, आणि मैफलीत भैरवी सुरू झाली की मागच्या रांगेतले लोक चपला शोधायच्या तयारीला लागतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. त्या काळच्या गायक-गायिकांनी तेवढ्या अवकाशात राग उभा करण्याची आणि तो नीट मिटवण्याची कला साधली. फोनवर ऐकताना ही रचना मोडत नाही, फक्त तिच्यानंतरची शांतता नाहीशी होते, कारण पुढचे गाणे विचारल्याशिवाय सुरू होते.

खेळाचेही तसेच आहे, हे माझे मत बहिणीला मुळीच पटणार नाही. भाचा बीजीएमआय, म्हणजे ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा पबजीचा भारतासाठीचा अवतार, खेळतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आल्यानंतर जुलै २०२१ मध्ये हा खेळ भारतात आला. त्यात शंभरेक खेळाडू विमानातून उतरतात, मैदानावरचे सुरक्षित वर्तुळ आवळत जाते आणि साधारण अर्ध्या तासात निकाल लागतो. नवी मुंबईतल्या कंपनीने बनवलेला आणि टाळेबंदीत घरोघरी पोहोचलेला लुडो किंगसुद्धा चारही सोंगट्या घरात गेल्या की थांबतो. ‘अजून एकच डाव’ हे खरे दुखणे आहे, हे मान्य. पण निदान दोन डावांच्या मध्ये एक फट असते, आणि जेवायला हाक मारायची ती वेळ बहिणीने अचूक हेरली आहे.

छोट्या व्हिडिओंना अशी फटच नाही. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉक बंद झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतातूनच केली. तेव्हा पंधरा सेकंदांची असलेली मर्यादा वाढत वाढत ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांवर गेली. म्हणजे लांबी पुन्हा तबकडीएवढी झाली. पण तबकडी संपल्यावर कुणीतरी उठून ती उलटावी लागे, इथे अंगठा किंचित सरकला की पुरते. शिवाय एका तुकड्याचा दुसऱ्याशी संबंध नसल्यामुळे आता पुरे झाले, असे वाटायला लावणारे काही घडतच नाही. दुपारी बराच वेळ मी हे पाहत पडलो होतो. संध्याकाळी आठवून पाहिले तेव्हा मिसळीवर ओतलेला कट आणि एका बैलगाडा शर्यतीतली धूळ, एवढेच डोळ्यांपुढे आले. सकाळी ऐकलेले नाट्यपद मात्र तानांसकट आठवत होते.

म्हणून रात्री घरातल्या सर्वांच्या फोनवरचा ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू करणारी सोय, मी बंद करून टाकला. त्याने शॉर्ट्स थांबत नाहीत, पण मोठ्या व्हिडिओंपुरता तरी मध्ये विसावा मिळतो. पहिली तक्रार आईची आली. ती स्वयंपाकघरात ओट्यावर फोन टेकवून कीर्तन ऐकत भांडी आवरत होती. कीर्तन संपले, फोन गप्प झाला आणि तिने तिथूनच विचारले, “अरे, याचं नेट गेलं का? माझे हात ओले आहेत, पुढचं लावून दे.” मी मुकाट्याने तिच्या फोनवरचा ऑटोप्ले पुन्हा सुरू करून दिला.