ओढा पार केला, पण...

आजचा अख्खा रविवार भांडुपच्या गॅरेजात गेला. मागच्या आठवड्यात कर्जतच्या पुढे ओढ्यातून जीप काढली, फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकून, एकदम ऐटीत. व्हिडिओला लाइकही भरपूर आले.

आज मिस्त्रींनी मागच्या डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचा) ड्रेन नट सोडला, तर आतलं 90 नंबरचं गिअर ऑइल दुधाळ, चक्क कटिंग चहासारखं! म्हणाले, "साहेब, ब्रीदर चोंदलाय." ब्रीदर म्हणजे या डब्यातली हवा ये-जा करायची छोटी वाट. चालून तापलेलं हाउसिंग, म्हणजे डब्याचं कवच, एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. ब्रीदर मोकळा असेल तर तिथून हवा आत येते. माझा चिखलाने बंद. मग सीलमधून पाणीच ओढलं गेलं. बेअरिंग वाचली, हे नशीब.

चूक माझीच. ओढ्याआधी दहा मिनिटं गाडी गार होऊ द्यायची, एवढंही सुचलं नाही. आता ब्रीदरला लांब नळी जोडून वर इंजिनपाशी नेलीये. ग्रीसगनने प्रॉपेलर शाफ्टचे (डिफरन्शियलला फिरवणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, मी स्वतः भरले, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

घरी आलो तर वॉचमनकाका झाडू घेऊनच उभे. पार्किंगमध्ये अजून कर्जतची माती आहे म्हणे.