देसाऊची गॅलरी, वरळीचा पॅसेज

जर्मनीतल्या देसाऊला गेले होते ती बाउहाउस कलाशाळेची काचेची प्रसिद्ध इमारत बघायला. परत येऊन महिना झाला, आणि डोळ्यांसमोरून हलत नाहीये ती मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाची एक विटांची, तीन मजली इमारत. तिच्या एका अंगाला लांबच लांब गॅलरी आहे आणि गॅलरीत ओळीने दारं. एका दाराशी बुटांचा जोड, दुसऱ्याशी फुलांची कुंडी. मी तिथे उभी राहिले आणि भाच्याला म्हणाले, "अरे, ही तर चाळ आहे!"

"मावशी, हळू बोल. लोक राहतात इथे."

लोक राहतात, म्हणूनच तर मी तिथून हलत नव्हते.

पण आधी थोडं मागे जाते. भाचा लाइपझिगला शिकतो. त्याला सुट्टी होती आणि मला बाउहाउस बघायचं होतं. ही कलाशाळा १९१९ मध्ये वाल्टर ग्रोपिउस या वास्तुरचनाकाराने वाइमारला सुरू केली, म्हणून आधी तिथे गेलो. दोन दिवस पाऊस पडला आणि माझे पाय दुखले, एवढंच वाइमारचं आठवतं. तिथल्या राजकारण्यांनी शाळेचे पैसे तोडले तेव्हा १९२५ मध्ये ती देसाऊला हलली. विमानांचा कारखाना असलेलं ते उद्योगी शहर होतं आणि त्याने शाळेला जागाही दिली, पैसेही दिले. लाइपझिगहून गाडीने साधारण तासाभरात आपण तिथे पोचतो. स्टेशनवरून चालतच शाळा येते.

डिसेंबर १९२६ मध्ये उघडलेली ती इमारत खरोखरच सुंदर आहे, त्यात वाद नाही. कार्यशाळांच्या बाजूला अख्खी भिंत काचेची. वजन आतल्या खांबांवर, काच नुसती पडद्यासारखी पुढे धरलेली. आज आपल्याकडे प्रत्येक आयटी पार्कला अशी भिंत असते, त्यामुळे १९२६ मध्ये हे बघून माणसं कशी थबकली असतील याची कल्पना करायला डोळे मिटून घ्यावे लागतात. १९४५ च्या बॉम्बफेकीत ही काच गेली आणि पूर्ण दुरुस्ती व्हायला १९७६ उजाडलं. मला सगळ्यात आवडलं ते भिंतीवरचं एक छोटं चाक. ते फिरवलं की साखळी सरकते, दांडा वळतो आणि वरच्या खिडक्यांची अख्खी रांग एकदम तिरकी होते. शिडी नको, काठी नको. यंत्राचा भाग लपवलेला नाही, उलट डोळ्यांसमोर ठेवलाय. माझे बाबा गिरणीत साचेवाले होते. त्यांनी हे चाक दहा वेळा फिरवून बघितलं असतं.

साचे म्हणजे माग. ते गावातल्या नव्या संग्रहालयात पुन्हा भेटले. शाळेत मुली मोठ्या संख्येने आल्या होत्या, पण बहुतेकींना विणकामाच्या कार्यशाळेकडे वळवलं गेलं. समानतेच्या घोषणा देणाऱ्या शाळेने हे केलं याचा मला राग येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही. त्या मुलींनी मात्र कापडाचं रूपच बदलून टाकलं. गुंटा श्टोल्झल त्या कार्यशाळेची प्रमुख झाली. ओटी बेर्गरने कापडाकडे घर बांधायच्या सामानासारखं बघितलं. ओटी ज्यू होती. १९४४ मध्ये आउशविट्झच्या नाझी छळछावणीत तिचा अंत झाला. संग्रहालयातल्या विणकामाच्या नमुन्यांसमोर मी बराच वेळ होते. उभा धागा, आडवा धागा. बाबांच्या शर्टाला कायम चिकटलेला कापूस आठवत होता.

रात्री आम्ही शाळेच्याच इमारतीत राहिलो. विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या प्रेलरहाउसमध्ये २८ खोल्या आहेत आणि त्यात आता पाहुण्यांना राहता येतं. मोठी खिडकी, पलंग, टेबल, दोन माणसं जेमतेम उभी राहतील असा सज्जा. संडास-बाथरूम बाहेर, सगळ्यांचं मिळून. भाच्याला ते पटलं नाही. मी सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून पॅसेजमध्ये नंबर लावला, पुढच्या बाई वळून हसल्या, आणि मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं.

कारण मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले. सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या चाळी १९२० च्या दशकात बांधल्या, म्हणजे देसाऊची शाळा उभी राहत होती त्याच काळात. तळमजला आणि वर तीन मजले, मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास सामायिक. आमच्या खोलीत सात माणसं होती. मोरीला पडदा, वर माळा. रात्री बाबा आणि मोठा भाऊ वळकटी घेऊन पॅसेजमध्ये झोपायला जायचे. हे मी दुःख म्हणून सांगत नाहीये. पॅसेजमध्ये माझा अभ्यास झाला, लग्नाच्या पंगती झाल्या, आजीची शेवटची रात्रही तिथेच सगळ्यांनी जागवली. पण बांधणाऱ्याने आमचा विचार करताना माणसं मोजली होती, माणसांच्या गरजा मोजल्या नव्हत्या, हे मला फार उशिरा कळलं. ते कळलं देसाऊत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाइनच्या झाडांमधली मास्तरांची घरं पाहिली. पांढऱ्या ठोकळ्यांसारखी देखणी घरं, क्ली आणि कांडिन्स्की हे चित्रकार शेजारी-शेजारी राहत ते जोडघरही तिथलंच. तिथे इतकी गर्दी होती की जिन्यावर वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना अडून उभे. ज्या गटाबरोबर आम्ही फिरत होतो त्याच्या मार्गदर्शकाने ग्रोपिउसवर अर्धा तास आणि शाळेचा शेवटचा संचालक मीस व्हान डेर रोहेवर पंधरा मिनिटं खर्च केली. मधला संचालक हानेस मायर दोन वाक्यांत संपला. मला ते खटकलं. मी विचारलं, तर उत्तर आलं की त्याने बांधलेलं लांब आहे, ट्रॅमने जावं लागेल.

म्हणून ट्रॅमने गेलो.

मायर हा स्विस माणूस. बाउहाउस म्हटलं की आपल्याला घरं आणि इमारती आठवतात, पण या शाळेत वास्तुकलेचा स्वतंत्र विभागच १९२७ पर्यंत नव्हता. तो सुरू झाला तेव्हा प्रमुख म्हणून मायर आला आणि १९२८ मध्ये संचालक झाला. त्याचं म्हणणं होतं की चैनीची नाही, लोकांची गरज भागवा. डावा असल्यामुळे १९३० मध्ये त्याला काढून टाकलं. दोन वर्षांनी नाझींचं वर्चस्व असलेल्या नगरपालिकेने देसाऊची शाळाच बंद केली, आणि १९३३ मध्ये बर्लिनला तिचा शेवट झाला. शिकवणारे-शिकणारे जगभर पांगले, आणि म्हणूनच ती शाळा जगभर पोचली. आपल्याकडच्या डिझाइन कॉलेजांत पहिल्या वर्षाला फाउंडेशन कोर्स असतो ना, कागद दुमडा, रंग ओळखा, लाकूड हाताळा, त्याचं मूळ तिथलंच.

ट्रॅममधून उतरल्यावर आधी ट्योर्टेनची वसाहत लागते. ग्रोपिउसने १९२६ ते २८ मध्ये कामगारांसाठी बांधलेली ३१४ दुमजली घरं, प्रत्येकामागे भाजीपाल्यासाठी परसबाग. लोकांनी दारं बदललीत, खिडक्या आपल्याला हव्या तशा करून घेतल्यात. वास्तुकलेवर प्रेम करणाऱ्यांना याचं वाईट वाटतं. मला वाटलं नाही. घर आपलं झालं की माणूस त्याला हात लावणारच.

आणि मग पीटरहोल्झश्ट्रासेवर त्या गॅलऱ्या दिसल्या. मायर आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी मिळून १९३० मध्ये पुऱ्या केलेल्या पाच इमारती, एकूण ९० घरं. जिना एकच, तो एका टोकाला. जिन्यातून गॅलरीत यायचं आणि गॅलरीतून आपल्या दारात. गॅलरी उत्तरेला, राहायच्या खोल्या दक्षिणेला, मोठ्या खिडक्यांच्या. म्हणजे उन्हाची बाजू माणसाला आणि सावलीची बाजू येण्याजाण्याला. एक घर तेव्हाच्या रूपात ठेवलंय. आत स्वयंपाकघर, स्वतःची न्हाणी, झोपायच्या खोल्या. सगळं मिळून साधारण ४८ चौरस मीटर. मी फोनवर गुणाकार केला आणि तिथेच खिडकीला टेकले. पाचशे चौरस फुटांच्या जरा वर.

वरळीत आता जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहतायत आणि रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत. माझ्या भावालाही चावी मिळाली. चावी घेताना तो रडला होता. जेवढं घर एका कामगार कुटुंबाला लागतं असं त्या मुलांनी १९३० मध्ये कागदावर मांडून, बांधून दाखवलं, तेवढं माझ्या घरच्यांच्या वाट्याला यायला आणखी नव्वदएक वर्षं गेली. बाबांना ते बघायला मिळालं नाही. भाचा शेजारी होता, पण काही बोलला नाही, बरं केलं.

बाहेर आलो तर गॅलरीत एक आजीबाई कुंडीला पाणी घालत होत्या. आम्ही बघतोय हे बघून थांबल्या. भाच्याने सांगितलं की मावशी मुंबईच्या चाळीत वाढलीये. चाळ म्हणजे काय हे त्याला जर्मनमध्ये नीट सांगता येईना, मग त्याने गॅलरीकडेच बोट दाखवलं. आजींना समजलं. त्या चाळीसहून जास्त वर्षं तिथे राहतायत. गॅलरीत बर्फ साचला की ज्याने-त्याने आपल्या दारापुढचा काढायचा अशी रीत आहे, पण शेजारच्यांचे गुडघे गेलेत म्हणून त्यांच्या दारापुढचाही याच काढतात. एवढं सांगून त्या आत गेल्या आणि वाटीभर आलुबुखार घेऊन आल्या. वाटी परत मागितली, फळं माझ्या ओढणीत ओतली.

खरं सांगायचं तर ती गॅलरी आमच्या पॅसेजसारखी नाही. आम्ही जवळजवळ तासभर होतो, दोन माणसं आली, मान लववून आपापल्या घरात गेली. खुर्ची नाही, वाळत घातलेलं कापड नाही, पोरं नाहीत. जागा मिळाली की माणसांना पॅसेजची गरज उरत नाही की काय, हा विचार तिथून निघताना मनात आला आणि तो मला आवडला नाही.

परतीच्या ट्रॅममध्ये भाच्याला वास्तुरचनाकार अच्युत कानविंद्यांबद्दल सांगितलं. कोकणातल्या आचऱ्याचा मुलगा, जे. जे. मध्ये शिकला, मग सरकारने हार्वर्डला पाठवलं. तिथे शिकवायला होता तो देसाऊहून निघालेला ग्रोपिउस. १९४७ मध्ये कानविंदे परत आले आणि पुढे आयआयटी कानपूरचा परिसर उभा केला. वरळीचं नेहरू सायन्स सेंटरही त्यांचंच. शाळेत असताना आम्हाला तिथे चालत नेलं होतं. एवढी मोठी, रिकामी, उजेडाची जागा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि बाई ओरडेपर्यंत मी यंत्रं सोडून छताकडेच बघत राहिले होते.

रात्री भावाला व्हिडिओ कॉल केला. गॅलरीचा फोटो आधीच पाठवला होता. तो म्हणाला, "ताई, ही कुठली चाळ?" मी सगळं सांगितलं, ४८ मीटरचं गणितही सांगितलं. मग विचारलं, "तुमच्या मजल्यावर बाहेर बसतं का रे कुणी?"

"मी बसतो ना. संध्याकाळी लिफ्टसमोर खुर्ची टाकतो. येणारा-जाणारा दिसतो. आता समोरचे काकापण त्यांची खुर्ची आणतात."