गुडघ्याच्या उंचीवरची वाइनरी

पहिल्या वाइनरीत पोचून पाच मिनिटंही झाली नसतील, तोच आमच्या कुत्र्याने, बंड्याने, पिकदाणी शोधून काढली. चाखून उरलेली वाइन ओतायची स्टीलची बादली टेबलाच्या पायाशी जमिनीवरच ठेवली होती, आणि लॅब्रेडॉरचं नाक बरोबर तिच्या काठाशी येतं. मी ग्लास उजेडात धरून रंग बघण्यात गुंग. नवऱ्याने वेळेवर पट्टा ओढला म्हणून निभावलं. कुत्र्याला दारू फार थोडी पुरते: झोकांड्या, उलट्या, रक्तातली साखर घसरते, अंग गार पडतं. बादली वर ठेवता का, असं विचारल्यावर तिथल्या मुलीने लगेच उचलली. पुढच्या दोन्ही ठिकाणी बसायच्या आधी आम्ही टेबलाखाली वाकून बघितलं.

दोन दिवसांत तीन वाइनऱ्या, एवढाच बेत. त्यासाठी मुद्दाम तोडणीचा हंगाम निवडला, आणि तिथेच चुकलो. आपल्यासाठी तोच सगळ्यात देखणा काळ. पण कुत्र्याच्या वाट्याला येतात गळलेले द्राक्षाचे मणी (कुत्र्याला विषारी), चोथ्याचे ढीग, त्यावर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या आणि फोर्कलिफ्टची ये-जा. बंड्याला घेऊन पुन्हा गेले तर छाटणीनंतर जाईन. बाग तेव्हा बोडकी दिसते, पण जमीन साफ असते.

फोन करून जा, हे सगळेच सांगतात. आम्हीही केला होता. ‘कुत्रा चालेल का?’ ‘हो, चालेल की!’ पोचल्यावर कळलं, चालेल म्हणजे हिरवळीवर चालेल. टेस्टिंग रूममध्ये नाही, तळघरात तर नाहीच. तेव्हा विचारायचं ते असं: कुठपर्यंत चालेल, बसायच्या जागेवर सावली आहे का, आणि तुमचा स्वतःचा कुत्रा मोकळा असतो का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. बऱ्याच वाइनऱ्यांत घरचा कुत्रा असतो, आणि सगळी बाग त्याच्या बापाची असते. दुसऱ्या ठिकाणच्या म्हाताऱ्या कुत्रीने बंड्याला एकदाच गुरकावून दाखवलं, त्यानंतर आमचा वीर दुपारभर खुर्चीखाली.

तिथेच तळघरावरून माझी थोडी कुरबूर झाली. पट्ट्याला बांधलेला, शहाणा कुत्रा. आत नेला तर काय बिघडतं? टाक्या धुणाऱ्या माणसाने शांतपणे समजावलं. रस आंबताना साखरेचा अल्कोहोल होतो, तसा कार्बन डायऑक्साइडही सुटतो. एका लिटर रसातून 40 लिटरपेक्षा जास्त. हा वायू हवेच्या दीडपट जड. त्यामुळे हवा खेळती नसेल तर तो टाक्यांच्या बुडाशी, खड्ड्यांत, जिन्याच्या तळाशी साचतो. त्याला ना रंग ना वास. आपलं डोकं चांगल्या हवेत असतं आणि कुत्र्याचं नाक जमिनीपासून वीतभर. शिवाय ओली, घसरडी फरशी आणि कुठे कुठे फुटक्या बाटलीची काच. मी निमूट बाहेर आले. आम्ही आळीपाळीने आत गेलो, आणि दोघं असाल तर हाच उपाय. एकटे असाल तर तळघरावर पाणी सोडा. ‘दहा मिनिटं गाडीत ठेवतो’ हे मनातही आणू नका: बाहेर 24 अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत 34 आणि अर्ध्या तासात 43 अंशांपर्यंत पारा चढतो. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

तिसरी वाइनरी सगळ्यात सुंदर होती आणि तिथेच घात झाला. वेलींच्या ओळींतून फिरायची परवानगी होती. निघण्याआधी फवारणी कधी झाली ते मी विचारलं होतं. बुरशीवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असतो, आणि बागेतून आल्यावर कुत्रा पंजे चाटतोच. गोगलगायींसाठी टाकलेल्या गोळ्यांचंही विचारलं, कारण त्यातलं मेटाल्डिहाइड कुत्र्याला झटके आणतं. एवढी सगळी चौकशी करणारी मी, पाखरं उडवायच्या गॅसच्या तोफेचं विचारायचं मात्र विसरले. धाडकन बार झाला, बंड्याने हिसका दिला, गळपट्टा डोक्यावरून निसटला आणि साहेब तीन ओळी पलीकडे. सापडला तेव्हा जाळीत पाय अडकलेला आणि तोंड हलत होतं. तोंडात बोटं घातली, तर साल आणि दोन बिया. तेव्हापासून गळपट्ट्याची सुट्टी, हार्नेसच.

किती मणी खाल्ले कोण जाणे. व्हेटचा नंबर आदल्या रात्री शोधून ठेवला होता, त्या एका गोष्टीबद्दल मी स्वतःची पाठ थोपटते. फोनवर पहिलं वाक्य आलं, ‘घरी मीठ वगैरे पाजू नका, सरळ घेऊन या.’ इंजेक्शन देऊन उलटी करवली. पाच मणी निघाले, त्यातले दोन अख्खे. मग सलाइन, आणि पुढचे तीन दिवस मूत्रपिंडाच्या तपासण्या. सगळ्या ठीक आल्या. पण सुरुवातीला कुत्रा ठणठणीत दिसतो आणि मूत्रपिंड एक ते तीन दिवसांत बसतं, म्हणून ‘बघू सकाळी’ म्हणायचं नाही.

खुर्चीत बसून वाट बघताना त्या डॉक्टरीणबाईंकडून जे ऐकलं ते सहलीतल्या सगळ्या टेस्टिंगपेक्षा जास्त लक्षात राहिलं. द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांना घातक आहेत हे 2001च्या सुमारास नोंदलं गेलं, पण नेमकं कशामुळे, हे पुढची वीस वर्षं कोडंच होतं. क्रीम ऑफ टार्टर (टार्टरिक आम्लाच्या क्षाराची पूड) घातलेली, मुलांच्या खेळण्यासाठी मळलेली घरगुती कणीक खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांत अगदी तशीच लक्षणं दिसली, तेव्हा 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. चिंचेतही तेच. द्राक्षाची जात आणि पिकण्याची अवस्था यांनुसार हे आम्ल कमीजास्त होतं, त्यामुळे ‘आमच्याने मूठभर खाल्ली, काही झालं नाही’ याला अर्थ नाही. सुरक्षित मात्रा अशी ठरलेलीच नाही. आणि गंमत बघा, याच आम्लावर वाइनची सगळी चव तोललेली असते.

सोबत काय न्यावं? घरचं पाणी आणि वाडगं, त्याची रोजची सतरंजी (ती अंथरली की बंड्या ‘इथेच बसायचं’ हे समजतो), ओला रुमाल पंजे पुसायला, शी उचलायच्या पिशव्या. सकाळी दार उघडताच जा. गर्दी नसते आणि फरशी तापलेली नसते. चाखायच्या ताटातली मनुका, चॉकलेट, कांद्याची चटणी आपल्या हाताशी ओढून घ्या, शेजारच्या टेबलावरच्या प्रेमळ मंडळींनाही आधीच सांगा. निघताना बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत गवताची कुसळं बघा. आत शिरली की ती पुढेच सरकतात.

पंधरा दिवसांनी तिथून आणलेली बाटली उघडली. बुचाच्या तळाशी साखरेसारखे बारीक खडे चमकत होते: टार्टरिक आम्लाच्या क्षाराचेच, थंडीत बसलेले. बंड्या लगबगीने वास घ्यायला आला. मी बूच झाकणाच्या डब्यात टाकलं आणि डबा ओट्यावर चढवला.